आबांच्या बंदुकीत भरलेली ताकद

॥ श्री ॥

मु. पो. पुणतांबे,
महाशिवरात्रीच्या आधीचा रविवार

तीर्थस्वरूप दाजी राधाकृष्णराव (साखर कारखान्याच्या वर्कशॉपातले वजनदार फिटर) यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे रंगनाथाचा, वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकतो, मनावर घेऊ नका. आक्काची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं थंडीचं ओट्यावर बसून भांडी घासू नको. तिनं संक्रांतीला पाठवलेले तिळाचे लाडू पोचले, फार गोड होते. (जे दातांनी फुटले नाहीत ते माझ्या बायकोनं, चांगुणेनं, खलबत्त्यात घातले. तेही गोडच निघाले.) तुमची तब्येत, तुमची सायकल आणि तुमचे मोठे साहेब हे तिघंही सुरळीत चालत असतील अशी आशा आहे.

आता खरं लिहितो. आबा मचाणावरून उतरले आहेत आणि घरात बसले आहेत. एवढीच बातमी आहे. पण तुम्हाला सासरा कसा आहे हे ठाऊक असल्यामुळे तुम्ही पत्र आत्ताच खाली ठेवलं असेल. ते परत उचला, कारण या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात. जावयाला असं बोलू नये हे मला कळतं, पण लिहायला हरकत नसावी.

आठवा, दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही पेरूच्या बागेत पान चघळत उभे होता. आबा मचाणावर होते. पोपटांचा थवा उतरला, आबांनी बंदुकीची नळी मोडून सरळ केली, ती उडवली आणि थवा उठून गेला. तेव्हा तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मामा, हिच्यानं पोपटाला गुदगुल्या व्हत असतील." सगळे हसले. आबाही हसले. मी एकटा हसलो नाही, कारण त्या बंदुकीचे छर्रे मी आणतो. दर दिवाळीला नगरला जाऊन मी छर्‍यांची एक डबी आणतो आणि आबांच्या हातात देतो. आबा ती कानाशी हलवून बघतात, "वजनदार हायेत" म्हणतात आणि अंगातल्या कोपरीच्या खिशात टाकतात. माझ्या हातून आबांच्या मनासारखी होणारी गोष्ट वर्षातून ही एवढीच. तिला तुम्ही गुदगुल्या म्हणालात, ते माझ्या मनाला लागलं.

बंदुकीचं घराणं तुम्हाला माहीत आहेच. आबा कालव्यावर पाणी सोडणारे पाटकरी होते तेव्हाच्या कोणा गोर्‍या इंजिनेर साहेबानं देश सोडून जाताना ती त्यांना दिली. (साहेबानं कुत्रा मामलेदाराला दिला आणि बंदूक आबांना. कुत्रा मेला, बंदूक आहे.) तिची रचना अशी साधी की शाळेतल्या पोराला सांगता यावी. नळी मधोमध मोडायची, की आतली स्प्रिंग दबते. मोडलेल्या तोंडात एक छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची आणि घोडा ओढायचा. खट्ट, मग जरा थांबून फट्ट. एका वेळी एक. हिला लायसन लागत नाही, आणि त्यावरूनच हिची लायकी ओळखावी असं गावात म्हणतात. इतक्या वर्षांत आबांच्या हातून एकही पोपट पडलेला नाही हे खरं आहे. पण माझं म्हणणं असं होतं की आबा मुद्दाम शेपटीला घासून छर्रा सोडतात. हे कसब आहे, आणि ते कळायला नजर लागते.

तुम्ही पाडवा करून निघून गेलात, पण तुमचं वाक्य गावात राहिलं. त्यात पुढे लढाई झाली. लढाई तिकडे सरहद्दीवर झाली, पण आमच्या पारावर तिच्यापेक्षा जास्त दिवस चालली. रेडिओ ऐकून ऐकून ज्यांना घरच्या शेळीचा कान धरवत नाही तेसुद्धा कुठला पूल आधी उडवायला हवा होता ते सांगू लागले. अशात शेजारच्या साळूबाईचा गोरक्ष फौजेतून रजेवर आला. अंगावर एक ओरखडा नाही, मिशा पिळलेल्या. त्याला मानानं बाग दाखवायला नेला, पेरू खाऊ घातले आणि मोठ्या हौसेनं आबांची बंदूक हातात दिली. त्यानं ती उलटीसुलटी केली, नळीतून आभाळ बघितलं आणि तान्ह्या पोराला खुळखुळा परत द्यावा तशी मला परत दिली. "ताकद न्हाई," तो म्हणाला, "अन् एका येळी एकच गोळी. दुसरी भरूस्तवर शत्रू काय चहा पीत बसतो व्हय?"

झालं. त्या दिवसापासून गावात दोन पक्ष पडले. (पुढच्या महिन्यात विधानसभेची निवडणूक आहे. उमेदवार जीपगाडी घेऊन येतात, पण त्यांच्याकडे कोणी बघत नाही.) ताकदवाल्यांचं म्हणणं, एकच छर्रा असू द्या पण तो असा जावा की पोपटानं पुढल्या जन्मीही पेरूकडे बघू नये. छर्रेवाल्यांचं म्हणणं, ताकदीचं काय घेऊन बसलात, थवा शंभराचा आणि छर्रा एक, हा हिशेबच चुकीचा आहे. सोसायटीचे चेअरमन काकासाहेब छर्रेवाल्यांचे पुढारी झाले, कारण त्यांची बाग आमच्या बांधाला लागून आहे आणि आमच्याकडून उठलेले पोपट त्यांच्याकडे उतरतात. गोरक्ष ताकदवाल्यांचा. मी दोन्हीकडचा चहा प्यायलो आणि दोघांनाही हो म्हणालो. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "हाय तशी बरी हाय ती," आणि तंबाखू मळू लागले. म्हातारी माणसं नव्याला नाही म्हणतातच, असं मी समजलो. माणूस मूर्खपणा करायला निघाला की त्याला सगळ्यांचे स्वभाव बरोबर कळतात.

बंदूक घेऊन मी कानिफनाथ मिस्तरीकडे गेलो. आपला ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा कानिफा, तुम्ही ओळखता. त्यानं ती खोलली, आतली स्प्रिंग बोटावर नाचवली आणि म्हणाला, "रंगनाथ, ही मेलेली हाय. अन् हवा ढकलनार्‍या दट्ट्याचं तोंडबी चेपलंय. ही बंदूक कुनीतरी रिकामी झाडतंय. छर्रा नसला की दट्ट्या फुकट जाऊन आपटतो." मी असा तापलो की विचारू नका. म्हटलं, कानिफा, तू इंजिनातलं बोल. दर वर्षाला डबीच्या डबी संपते ती काय आबा फुटाण्यासारखी खातात? तो पाना शोधू लागला. (माझा आवाज चढल्यामुळे, पटल्यामुळे नाही.) मग त्यानं इंजिनाच्या व्हॉल्व्हची एक जाडजूड स्प्रिंग कापून आत घातली, म्हणजे ताकदवाले खूश, आणि नळीवर फवारणीच्या पंपाची पितळी नळी उभी झाळली, तिच्यात मूठभर छर्रे मावतील अशी, म्हणजे छर्रेवाले खूश. बंदूक बाहेर आली तेव्हा डोक्यावर धुराडं असल्यासारखी दिसत होती.

परीक्षा बागेत ठेवली. सगळा पार लोटला. काकासाहेबांनी आपल्या खर्चानं चहा सांगितला, मोठी जर्मन धातूची किटली भरून. पहिल्यांदा नळी मोडायला मी गेलो, ती हलेना. गोरक्ष हसला, पुढे झाला, त्यानं दस्ता मांडीत धरला आणि दोन्ही हातांनी नळी खाली ओढली. ती मोडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तो मिशीला पीळ द्यायला एक हात उचलता झाला, आणि नेमका त्याच क्षणी घोडा कशाला तरी लागला. नळी सुटली ती सरळ त्याच्या हनुवटीवर. लढाईतून धडधाकट आलेला जवान आमच्या पेरूच्या बागेत आडवा झाला. जबडा असा सुजला की मिशीचं एक टोक आभाळाकडे आणि एक बांधाकडे. आता पलटणीत गेल्यावर काय सांगायचं याची त्याला काळजी आहे. तो मला म्हणाला (म्हणजे खुणेनं म्हणाला, तोंड उघडत नव्हतं), की पोपटाचं नाव काढू नका.

तेवढ्यावर थांबायचं की नाही? नाही थांबलो. आम्ही दोघातिघांनी मिळून ती पुन्हा मोडली, वरच्या नळीतून छर्रा पडला असं धरून सरळ केली आणि मी नेम धरला. पेरूच्या शेंड्यावर एक पोपट बसला होता, त्याच्यावर. घोडा ओढला. दस्त्यानं माझ्या खांद्याला असा धक्का दिला की मी कानिफाच्या अंगावर पडलो आणि नळी जाता जाता खाली फिरली. छर्रा एक पडायचा तो चार पडले होते. पोपट होता तिथेच होता. किटलीतून मात्र चार धारा लागल्या. काकासाहेब किटलीजवळच उभे होते. त्यांनी आपलं धोतर एकदा पुढून आणि एकदा मागून नीट तपासून घेतलं. मग म्हणाले, "रंगनाथ, कप आना. सांडून वाया कशाला." चार जणांनी चार कप धरले. आमच्या गावात एका किटलीतून चौघांना एकदम चहा त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला. छर्रेवाल्यांना तेवढंच समाधान.

इथपर्यंत मीही हसत होतो, दाजी. पुढचं लिहिताना हसू येत नाही. दुसर्‍या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे उठले, कांबळं खांद्यावर टाकलं, बंदूक घेतली आणि मचाणावर गेले. मी पाटाचं पाणी दारं धरून बागेत सोडत होतो. पोपट उतरले. मी खट्ट ऐकायला थांबलो. ऐकू आलं नाही. वर बघितलं तर आबा नळी मोडायला बघत होते. एकदा गुडघ्यावर धरून बघितली, एकदा मचाणाच्या वाश्याला अडकवून बघितली. मग त्यांनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि पोपट पेरू खातात ते नुसते बघत बसले. मी खाली मान घालून दारं धरत राहिलो, कारण मी बघितलं हे त्यांना कळू नये असं मला वाटलं. थोड्या वेळानं ते खाली उतरले, बंदूक माझ्याजवळ दिली आणि म्हणाले, "माझं गुडघं धरल्यात आता. मचानावर चढवत न्हाई. तू बघ." आणि घरी गेले. गुडघ्याला काही झालेलं नाही. त्याच गुडघ्यांवर ते पाठ फिरवून कसे ताठ चालत गेले ते मी पाहिलं आहे. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

चांगुणेला मात्र वाईट वाटायला सवडच नाही, कारण आबांनी आता बागेऐवजी घराची राखण धरली आहे. ओसरीत बसतात आणि अंगणात चिमणी उतरली की "हाऽ हुर्रऽ" अशी आरोळी ठोकतात. त्या आवाजानं म्हैस पान्हा चोरू लागली आहे. रस्त्यानं जाणार्‍या माणसाला कुठून आला, कुठे चालला, आणि तिकडे जायचं कारण काय, एवढं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून लोक आता मागच्या गल्लीनं जातात. चुलीशी येऊन भाकरी थापण्याची पद्धत सांगतात. (आयुष्यात एक भाकरी थापलेली नाही. पण पाटाचं पाणी सगळीकडे सारखं पसरतं तसं पीठ पसरावं असा त्यांचा सिद्धांत आहे.) परवा त्यांनी मडक्यांची सगळी उतरंड खाली घेऊन पुन्हा रचली, त्यात वरचं खाली गेलं आणि मीठ अजून सापडलेलं नाही. घरात कागद म्हणून येईल तो वाचतात, वाण्याची पुडीसुद्धा, आणि ती पुडी ज्या तारखेची असेल त्या तारखेच्या बातम्या आम्हाला आजच्या म्हणून सांगतात. चांगुणा काल मला म्हणाली, "तुमी बंदुकीत ताकद भरली, अन् ती माझ्या घरात येऊन फुटली." मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेलो.

आणि बाग? बागेत आता मी आणि कानिफा दोघं मिळून बसतो. बंदूक मोडायला दोन माणसं लागतात, एकानं दस्त्यावर बसायचं आणि एकानं नळीला लोंबकळायचं. पोपटांना आधी याची भीती वाटली. आता ते शेजारच्या झाडावर बसून आमची कवायत बघतात आणि बघता बघता खातात. मला हे उशिरा कळलं, दाजी. पोपट छर्‍याला भीतच नव्हते. ती खट्ट आणि फट्ट, आणि मचाणावर हलणारं आबांचं पागोटं, एवढ्यानं ते उठत होते. त्या बंदुकीला जेवढं पाहिजे तेवढं सगळं तिच्यात होतं. मीच कमी होतो.

जुनी स्प्रिंग परत घालावी म्हणून कानिफाकडे गेलो, तर त्याच्या घरी नवीन बाळ आलं आहे, आणि लंकाबाईनं, म्हणजे कानिफाच्या बायकोनं, ती स्प्रिंग झोळीच्या दोरीला लावली आहे. झोळी आपोआप वरखाली होते आणि पोरगं झोपतं. त्या बाईनं मला स्पष्ट सांगितलं, "स्प्रिंग न्यायची तर पोराला संगं न्या, रातभर तुमीच थोपटा." बाळ मला बघून हसलं. मी परत आलो.

असो. पत्र लांबलं. आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. जावयाला कामं सांगू नयेत हे आमच्या घराण्याचं वळण तुम्ही जाणताच, त्यामुळे मी काही मागत नाही. हे पत्र घट्ट चिकटवतो, कारण हल्ली टपालपेटीपर्यंत जायचं काम आबांनी आपल्याकडे घेतलं आहे. (घरात डिंक नाही. भाताचं शीत लावतो आहे.)

कळावे. लोभ आहेच, तो पाडव्याला तुम्ही बोललात तरी कमी झालेला नाही.

आपला नम्र मेहुणा,
रंगनाथ

ता. क. : मागत नाही म्हटलं खरं, पण तुमच्या वर्कशॉपात तार गुंडाळून स्प्रिंग करतात असं ऐकतो. एक करून पाठवाल का? मापाचा दोरा सोबत ठेवला आहे. मात्र ती चांगली करू नका. तुमच्या हाताला वाईट काम जमत नाही हे मला माहीत आहे, पण आबांसाठी एवढं करा. पंच्याहत्तरीच्या माणसाला एका हातानं बंदूक मोडता यावी इतकी ती मऊ हवी. वरची पितळी नळी मी स्वतः कापून काढीन.

ता. क. दुसरा : स्प्रिंग पाठवाल तेव्हा तिला एक चिठ्ठी बांधा. चिठ्ठीत लिहा की ही कारखान्याची खास स्प्रिंग आहे, कानिफाच्या स्प्रिंगीपेक्षा दुप्पट ताकदीची आहे आणि ही घातलेली बंदूक मोडणारा माणूस तालुक्यात नाही. मग आबा ती मोडतील. ते मोडतील तेव्हा मी सगळ्या पाराला बागेत बोलावून आणणार आहे. धोतर सांभाळत काकासाहेबही येतील. आबांना यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. तिसरा (ह्यो रंगाचा न्हाई, माझा हाय) : जावईबापूंना आबाचा आशीर्वाद. शीत कच्चं हुतं, पाकीट आपसूक उघडलं. वाचलं. लेकीला, गोजरला, म्हनावं कंबर शेकत जा. रंगा लिवतो मी आरोळ्या ठोकतो, ते खोटं हाय, मी हळूच बोलतो. गुडघ्याचं त्यानं बघितलं, ते मला ठावं नव्हतं. असू दे. आता तुमाला म्हनून सांगतो, त्याला सांगू नका. त्या बंदुकीत मी एकदाबी छर्रा घातला न्हाई. गळ्यात तुळशीची माळ हाय, पाखरू मारून ते पाप कुठं फेडू. नुसती रिकामी झाडतो, पोपट जातो, पेरू र्‍हातो, त्याचं बी पोट दुसरीकडं भरतं. कानिफा बरोबर बोलला हुता, रंगानं त्याला उगाच झापलं. डब्या समद्या मचानाखाली मडक्यात पुरल्यात. पोरगं येवढ्या हौसेनं नगरातनं आनतं, तेला नको कसं म्हनायचं. येत्या दिवाळीला तुमी तेला आठवन करा, मडक्यात अजून जागा हाय. स्प्रिंग मऊच करा, पर आवाज मोठा निघू द्या. अन् ती चिठ्ठी बांधायला इसरू नका. दुप्पट ताकदीची म्हनून ठळक लिवा. मी मोडताना जड गेल्यावानी दोन डाव कन्हीन.